डिस्टोनिया : दिसणारा विकार, न दिसणारे दुःख



डिस्टोनिया हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेले नसेल. मात्र तो विकार आपण पाहिलेला असण्याचा संभव आहे. कोणाची मान सतत एका बाजूस वळते, कोणाचे डोळे आपोआप घट्ट मिटतात, तर कोणाचा एरवी सर्व कामे करणारा हात लेखणी धरताच आखडतो. हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत बिघाड होऊन परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात आणि तो अवयव पिळवटला जातो.

हेर्मान ओपेनहाइम या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञाने १९११ साली या विकारास हे नाव दिले. तरीही पुढे कित्येक दशके अनेक रुग्णांच्या दुखण्याचे खापर त्यांच्या मनावरच फोडले गेले. त्यास एक कारणही होते. हनुवटीला बोटाचा हलका स्पर्श केला तरी काही रुग्णांची मान क्षणभर सरळ होते. पाहणाऱ्यास ते ढोंग वाटते. लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी १९७० नंतरच्या दशकात हा मेंदूचाच विकार असल्याचे साधार मांडले. १९९७ साली बालपणी सुरू होणाऱ्या एका आनुवंशिक प्रकारास कारणीभूत असलेले जनुकही सापडले. शंका फिटली हे उत्तमच झाले. पण त्या भरात रुग्णाच्या मनाची विचारपूस करणे मात्र मागे पडले.

आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की वेदना, उदासीनता, चिंता, निद्रानाश आणि थकवा हीदेखील या विकाराची लक्षणे असू शकतात. मानेच्या डिस्टोनियात बहुसंख्य रुग्णांना वेदना असते. उदासीनता आणि चिंता या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतात. काहींच्या बाबतीत तर मान वळण्यापूर्वीच त्या सुरू झालेल्या असतात. मान किती वाकडी आहे यावरून मनाचा भार मोजता येत नाही. झोपेत पिळवटणे बहुधा थांबते, म्हणून घरच्यांना रुग्ण शांत झोपला असे वाटते. प्रत्यक्षात झोप तुटक असते आणि सकाळ शिणलेली उजाडते.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची मान इंजेक्शनांनी बरीच सरळ झाली होती. तरी ते लग्नकार्यास जात नसत. विचारल्यावर म्हणाले, “मान ठीक आहे हो डॉक्टर, पण कशातच मन लागत नाही.” उदासीनतेवर स्वतंत्र उपचार झाले, तेव्हा ते हळूहळू माणसांत मिसळू लागले.

उपचारांचा क्रम असा. बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा आखडलेल्या स्नायूत टोचली असता सुमारे तीन महिने आराम पडतो. वेदनाही बहुधा कमी होते. झोप आणि मनःस्थिती तेवढ्याने सुधारतेच असे नाही. त्यासाठी प्रथम चालू औषधांची यादी पाहावी. ट्रायहेक्सिफेनिडिलने विस्मरण, तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ होऊ शकते. क्लोनाझेपामने दिवसा गुंगी येते. ही औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत. मात्रा डॉक्टरांनीच बदलावी. नंतर समुपदेशन, वर्तनोपचार व आवश्यक तर उदासीनतेवरील औषधे द्यावीत. मनोविकारांवरील काही औषधे आणि उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड यांमुळेच डिस्टोनिया उद्भवू शकतो. म्हणून आपला आजार प्रत्येक डॉक्टरांस सांगावा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविल्यास मात्र त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

रुग्ण हे सारे आपण होऊन क्वचितच सांगतो. म्हणून त्याच्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या नातेवाइकाने चार प्रश्न आधीच विचारून ठेवावेत : दुखते का? झोप लागते का? दिवसभर थकवा वाटतो का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत अजून मन रमते का? उत्तरे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावीत. तपासणीच्या घाईत मान तर सर्वांना दिसतेच. हा कागद उरलेला माणूस दाखवील.