नावांचा करार



संगणकातल्या फाईलला नाव काय द्यावे, हा का व्याख्यानमालेत बोलण्याचा विषय आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मलाही एके काळी तसेच वाटत असे. ते मत एका दिवसात बदलले. तो प्रसंगच आधी सांगतो.

आम्ही चौघे मित्र एका वाचनालयासाठी ग्रंथसूचीचा प्रोग्राम लिहीत होतो. चौघांनी चार घरी बसून लिहावयाचे आणि काम एकत्र जोडावयाचे, अशी रीत. माझ्या संगणकावर विंडोज होते. पुस्तकांच्या यादीच्या फाईलला मी इंग्रजी लिपीत 'ग्रंथ' असे नाव दिले, त्यातले पहिले अक्षर कॅपिटल. प्रोग्राममध्ये मात्र तेच नाव सगळे स्मॉल अक्षरांत लिहिले. माझ्याकडे सारे सुरळीत चाले. उद्घाटनाच्या सकाळी प्रोग्राम वाचनालयाच्या लिनक्सच्या यंत्रावर चढवला, आणि यादीच सापडेना! ग्रंथपालबाईंनी कार्डांची जुनी कपाटे आदल्या दिवशी आत हलवली होती. त्या दिवशी कितीतरी वाचक पुस्तकाविना परत गेले. एका अक्षराची ही करामत.

याचे कारण असे. विंडोज नाव जसे लिहिले तसे जपून ठेवते, पण शोधताना कॅपिटल-स्मॉलचा भेद मानीत नाही. मॅक संगणकही नेहमीच्या मांडणीत असाच वागतो. लिनक्स मात्र युनिक्सच्या परंपरेतला. त्याच्या दृष्टीने एक अक्षर बदलले की माणूसच निराळा. यांत खोटे कोणीच नाही. पहिला माणसाच्या वाचण्याला मान देतो, दुसरा अक्षरांच्या संकेतांकांना. पण एकाच कामात दोघेही आले म्हणजे पंचाईत होते.

ही पंचाईत नवशिक्यांचीच असते असे मात्र समजू नका. लिनक्सचा गाभा 1991 पासून जगभरचे हजारो लोक मिळून लिहीत आले आहेत. त्यात जाळ्यावरून येणारी माहितीची पाकिटे तपासणारा 'नेटफिल्टर' नावाचा विभाग आहे. तेथल्या मंडळींनी एक संकेत ठरवला: पाकीट नुसते पारखणाऱ्या भागाचे नाव स्मॉल अक्षरांत, आणि त्यावर काही क्रिया करणाऱ्या भागाचे कॅपिटल अक्षरांत. म्हणून 'टीसीपीएमएसएस' नावाच्या दोन फाईली एकाच कप्प्यात शेजारी शेजारी नांदतात, आणि भेद एवढाच की एकीचे नाव कॅपिटलमध्ये, दुसरीचे स्मॉलमध्ये. आपल्या घरापुरता हा संकेत मोठा शहाणपणाचा आहे. परंतु तोच संग्रह विंडोजवर उतरवला की दोघींना मिळून एकच जागा मिळते. एक राहते, दुसरी लोपते, आणि आपण हातही न लावलेली फाईल बदलली आहे अशी तक्रार मात्र यंत्र करीत राहते. असे संग्रह सांभाळणारे 'गिट' हे साधन 2005 साली निघाले. संग्रह उतरवताना अशी टक्कर झाल्याची सूचना ते देऊ लागले 2018 च्या डिसेंबरात.

आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉलचा भेद नाही, तेव्हा आपण सुटलो, असे कोणी म्हणेल. मौज अशी की तेथेही 'दुसऱ्या' या साध्या शब्दाने घोटाळा होऊ शकतो. त्यातला 'ऱ' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकच अखंड चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडच्या नियमानेही ती समान मानावयाची. पण लिनक्स सहसा संकेतांकच ताडून पाहतो. त्यामुळे एकाच कप्प्यात 'दुसऱ्या' नावाच्या दोन फाईली बसू शकतात, आणि डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी फरक दिसावयाचा नाही.

आम्ही त्या प्रसंगानंतर एकत्र बसलो. नावे इंग्रजी लिपीत आणि सर्व अक्षरे स्मॉल, हे पाच मिनिटांत ठरले. दोन शब्दांच्या मध्ये काय घालावे यावर मात्र संध्याकाळ गेली. एकाला मधली आडवी रेघ प्रिय, दुसऱ्याला तळाची. शेवटी निकाल आवडीने लागला नाही. आमचा प्रोग्राम पायथन भाषेतला. तेथे मधली रेघ म्हणजे वजाबाकी, त्यामुळे अशा नावाची फाईल दुसऱ्या फाईलीतून सरळ बोलावता येत नाही. पायथनच्या लेखनसंकेतांनीही लहान, स्मॉल अक्षरांतलीच नावे सुचवली आहेत. तारीख घालावयाची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते, आणि पाच-सहा म्हणजे जून की मे हा वाद उरत नाही.

ठरले खरे, पण माणूस विसरतोच. म्हणून काम जोडण्याआधी प्रत्येक नाव तपासून नियमाबाहेरचे परत पाठवील, असा दहा-बारा ओळींचा पहारेकरी आम्ही दारात बसवला. पहिल्याच आठवड्यात त्याने सर्वांत जास्त वेळा मला परत पाठवले.

जुनी नावे सुधारणे मात्र जिकिरीचे गेले. नाव बदलले की ते जेथे जेथे लिहिले असेल तेथे तेथे बदलावे लागते. शिवाय नुसते कॅपिटलचे स्मॉल केले तर विंडोजवर गिटला पुष्कळदा बदल झाल्याचे कळतच नाही. त्याला उपाय हा की आधी फाईलला भलतेच तिसरे नाव द्यावयाचे, ते नोंदवावयाचे, आणि मग हवे ते नाव द्यावयाचे. आमच्या सगळ्या फाईली अशा दोनदा बारसे करून घेण्यात दोन रविवार गेले, आणि तोवर ग्रंथपालबाईंनी कपाटे पुन्हा बाहेर आणून ठेवली होती.