दुकानाचे स्थलांतर

गावातील एखादे जुने दुकान नव्या जागेत जावयाचे असले म्हणजे मालकाची केवढी धांदल उडते! माल हलवावयाचा, वजनेमापे बांधावयाची, खातेवह्या जपून न्यावयाच्या, आणि जुन्या दारावर नव्या जागेची पाटी लावावयाची. यांपैकी एक जरी गोष्ट राहून गेली, तरी गिऱ्हाईक बंद दार पाहून परत फिरते. महाजालावर चालणाऱ्या दुकानांनाही असेच स्थलांतर करावे लागते.

महाजालावरील दुकानाला भिंती नसतात. त्याची इमारत म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम. वस्तूंची चित्रे व किमती दाखविणे, मागणी नोंदविणे, पैसे स्वीकारणे ही सारी कामे तो करतो. आता जी इमारत पावसात गळत नाही, ती सोडण्याचे कारण काय? कारण असे की, प्रोग्रॅम झिजत नसला तरी त्यातील उणिवा काळाबरोबर उघडकीस येत राहतात, आणि चोर त्यांच्या शोधातच असतात. प्रोग्रॅम तयार करणारे अशी प्रत्येक फट बुजवीत असतात, तोवर दुकान सुरक्षित असते. त्यांनी हात आवरला की दुकान उघडे पडते.

याचे एक ठळक उदाहरण पाहू. ‘मॅजेन्टो’ नावाची दुकान चालविण्याची प्रणाली 2008 साली प्रसिद्ध झाली व जगभर पसरली. 2015 साली तिची दुसरी, नव्याने रचलेली आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीची देखभाल 30 जून 2020 रोजी थांबेल, असे दुकानदारांना आधीच कळविण्यात आले होते. तरीही कित्येकांनी जुने घर सोडले नाही. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात, अवघ्या काही दिवसांत, सुमारे दोन हजार दुकानांत चोरांनी शिरकाव केला. त्यांतील बहुतेक दुकाने जुन्या आवृत्तीवरच चालत होती. पैसे भरण्याच्या पानात चोरांनी गुपचूप काही ओळी घुसविल्या होत्या. गिऱ्हाइकाने आपल्या कार्डाचा क्रमांक लिहिला की तो चोरांकडेही पोहोचे. हयगय दुकानदाराची, आणि धोका मात्र गिऱ्हाइकाला!

मग हे स्थलांतर करावयाचे कसे? प्रथम सर्व नोंदींची प्रत काढून सुरक्षित ठेवावयाची. वस्तू, किमती, गिऱ्हाइके व पूर्वीच्या मागण्या यांच्या नोंदी नव्या प्रणालीत नेता येतात. परंतु दुकानाची सजावट आणि जुन्या प्रणालीला जोडलेली लहानमोठी उपकरणे बहुधा जशीच्या तशी नेता येत नाहीत. ती नव्याने करावी लागतात.

पासवर्डाची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. चांगल्या दुकानात पासवर्ड मूळ रूपात ठेवीत नाहीत. जात्यात दाणे दळावेत तसे त्याचे रूप पालटून ठेवितात. पिठापासून पुन्हा दाणा मिळत नाही, तसा त्यापासून पासवर्डही मिळत नाही. गिऱ्हाइकाने दिलेला पासवर्ड दर वेळी दळून पाहावयाचा, आणि पीठ जुळले तरच दार उघडावयाचे. नव्या प्रणालीचे जाते निराळे असेल, तर काही काळ जुनेही जाते सांभाळावे लागते. नाहीतर गिऱ्हाइकांना नवा पासवर्ड ठरविण्याची विनंती करावी लागते.

पुढची गोष्ट पत्त्यांची. दुकानातील प्रत्येक वस्तूच्या पानाला स्वतंत्र पत्ता असतो. लोकांनी तो टिपून ठेविलेला असतो. शोधयंत्रांनीही नोंदविलेला असतो. नव्या प्रणालीत पत्ते बदलले, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावर ‘कायमचे स्थलांतर’ असा निरोप ठेवावा लागतो. या निरोपाचा सांकेतिक क्रमांक 301 आहे. तो मिळताच वाचकाचा संगणक आपोआप नव्या पानाकडे वळतो. दारावर लावलेली पाटी ती हीच.

ही सारी तयारी चालू असता जुने दुकान उघडेच असते व नव्या मागण्या येतच असतात. म्हणून आधी नव्या दुकानात रंगीत तालीम घेतात. एखादी वस्तू मागवून पाहतात, हिशेब बरोबर येतो की नाही हे ताडून पाहतात, दोन्हीकडील नोंदींची संख्या जुळवितात. मग वर्दळ कमी असेल अशा वेळी जुने दुकान थोडा वेळ बंद ठेवून, दरम्यान आलेल्या मागण्या नव्या दुकानात नेतात आणि नवे दार उघडतात. शेवटी जुन्या जागी गिऱ्हाइकांची माहिती बेवारस राहिली नाही ना, हेही पाहावे लागते.

हे काम चोख झाले, तर गिऱ्हाइकाला त्याची फारशी जाणीवही होत नाही. त्याने पूर्वीच्याच विश्वासाने यावे आणि त्या विश्वासाला तडा जाऊ नये, यासाठीच हा सारा खटाटोप असतो. माल काय, पुन्हा भरता येतो. गेलेला विश्वास मात्र सहजासहजी परत मिळत नाही.