भूकंप न्यायनिवाडा करीत नसतो

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर महाभयंकर भूकंप झाला. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने गावेच्या गावे ओढून नेली. मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांहून अधिक माणसे गेली. आमच्या नागपूरच्या वस्तीतला एक इंजिनिअर तरुण त्यावेळी नोकरीनिमित्त शेजारच्या दक्षिण कोरियात होता. सप्टेंबरअखेर त्याचा फोन आला. तेथील जोंजू शहरात कोरियाचा जोनबुक आणि जपानचा सेरेझो ओसाका या संघांचा फुटबॉल सामना झाला, त्यात भूकंपाबद्दल जपानचे अभिनंदन करणारा फलक प्रेक्षकांत झळकला होता. त्याच्या कचेरीतले दोघे जेवताना त्यावर हसत होते. तो म्हणाला, "दादा, शिकलीसवरलेली माणसं मेलेल्यांवर कशी काय हसतात?"

त्या एका फलकावरून अख्ख्या कोरियाला दोषी धरता येणार नाही. जोनबुक क्लबने माफी मागितली. मार्चमध्ये जपानच्या मदतीला सर्वात आधी धावलेल्या परदेशी पथकांत कोरियाचे पथक होते. खुद्द टोकियोचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी या संकटाला 'दैवी शिक्षा' म्हटले होते आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना माफी मागावी लागली होती. तेव्हा हा रोग कोणा एका देशाचा नाही.

तरीही कोरियातील त्या हसण्यामागचा इतिहास समजून घेणे क्रमप्राप्त आहे. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे जपानने कोरियाला गुलाम केले. भाषा दडपली, माणसांना जपानी नावे घ्यायला लावली. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा कोरियन लोक विहिरींत विष कालवतात अशी अफवा उठली आणि हजारो निरपराध कोरियन मारले गेले. मारणाऱ्यांत दंडुके, तलवारी घेतलेले सामान्य नागरिक होते, तसे पोलीस आणि सैनिकही होते. हा राग खोटा आहे असे कोण म्हणेल?

परंतु राग खरा असला म्हणून शिक्षा कोणालाही देता येते काय? गुन्हा ज्याचा, शिक्षा त्याला, आणि तीही गुन्हा सिद्ध झाल्यावर, हे कायद्याचे पहिले तत्त्व आहे. इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेची ७४ मुले या त्सुनामीत गेली. त्यांनी कोणत्या कोरियन माणसाचे काय बिघडवले होते? एखाद्याचा जन्म अमुक लोकांत झाला एवढ्यावरून त्याला अपराधी ठरवायचे, हाच तर १९२३ च्या त्या जमावाचा न्याय होता! ज्यांच्या आजोबा-पणजोबांना त्या न्यायाने मारले, त्यांनीच तो उचलावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

या प्रश्नाचे उत्तर सोलमधील काही वृद्ध स्त्रियांनी आधीच देऊन ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्यांना कोवळ्या वयात लैंगिक गुलामगिरीत ढकलले होते. जपान सरकारने अधिकृत माफी मागावी आणि कायदेशीर भरपाई द्यावी, यासाठी ८ जानेवारी १९९२ पासून दर बुधवारी सोलच्या जपानी वकिलातीसमोर निदर्शने होत आली. जपानवर रागवायचा हक्क त्यांच्याहून अधिक कोणाला असेल? परंतु भूकंपानंतरच्या पहिल्या बुधवारी, १६ मार्च २०११ रोजी, त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. त्या वकिलातीसमोर मूक उभ्या राहिल्या आणि जपानमधील मृतांना श्रद्धांजली वाहिली.

त्यांनी आपली मागणी सोडली नव्हती. निदर्शने पुढेही चालूच राहिली. खऱ्या फिर्यादीला प्रतिपक्षाच्या घराला लागलेली आग नको असते, तिला निकाल हवा असतो. फलक नाचवणाऱ्याने त्या आजीबाईंची फिर्याद एका पैशानेही पुढे नेली नाही. उलट, समुद्रानेच हिशेब चुकता केला असे एकदा मान्य केले, की जपान सरकारकडे मागायला शिल्लक काय राहते?