मैफलीआधीची वर्षे

ख्याल गाणाऱ्या कलावंताचे श्रोत्यांसमोरचे तास थोडे असतात आणि बंद खोलीत तंबोऱ्यापाशी गेलेले तास कितीतरी अधिक. या दुसऱ्या तासांना रियाज म्हणतात. शब्द अरबीतून आला. स्वतःला वळण लावणे, सराव करणे हा त्याचा मूळ अर्थ. त्याच्या जोडीचा शब्द तालीम. तालीम गुरूकडून मिळते, रियाज शिष्याने एकट्याने करायचा असतो. महाराष्ट्रात कुस्तीच्या आखाड्यालाही तालीमच म्हणतात. अंगाची मेहनत आणि गळ्याची मेहनत मराठी माणसाने एकाच शब्दात बसवली, आणि ते अगदी योग्यच केले.

रियाजाची सुरुवात तंबोरा जुळवण्यापासून होते. चार तारांच्या तंबोऱ्यात पहिली तार बहुधा पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि चौथी खालच्या सप्तकातल्या षड्जात, म्हणजे खर्जात लावतात. घोडीवर तारेखाली रेशमाचा किंवा सुताचा दोरा सरकवून जवारी काढली की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून इतर स्वरही गुंजू लागतात. हे काम घाईने होत नाही. नवख्या शिष्याचा अर्धा वेळ त्यातच जातो, आणि तो वाया जात नाही, कारण दोन तारा तंतोतंत एकरूप झाल्या की नाहीत हे ओळखताना त्याचा कान तयार होत असतो. गळ्याच्या आधी कान तयार व्हावा लागतो. जो स्वर नेमका ऐकू येत नाही, तो गळ्यातून नेमका निघणार नाही.

पुढची पायरी खर्जाची. पहाटे, आवाज अजून जड असताना, मंद्र सप्तकातला एकेक स्वर श्वास पुरेल तोवर धरून ठेवायचा. वरून पाहता यात काहीच घडत नाही. आत मात्र बरेच चाललेले असते. छाती आणि पोट श्वास बेताबेताने सोडायला शिकतात, स्वरतंतूंवर नको तो ताण न देता आवाज स्थिर ठेवण्याची सवय लागते, दमसास वाढतो. सर्वांत कठीण काम लक्ष टिकवण्याचे. लांब धरलेला स्वर केसभर खाली उतरतो किंवा वर चढतो, त्याला गाणारे कणसूर म्हणतात. खोलीत दुसरे कोणी नसते, चूक कोणी पकडणार नसते. ती स्वतःच पकडायची, थांबायचे आणि पुन्हा लावायचा. रियाजात स्वभाव घडतो असे जे म्हणतात त्याचा खरा अर्थ इथे आहे. स्वतःचा कणसूर कानाआड करणारा गवई दहा वर्षे बसला तरी तोच कणसूर पक्का करून उठतो.

खर्जानंतर पलटे. सारेग, रेगम, गमप अशा ठरावीक आकृती सप्तकाच्या वर-खाली फिरवत न्यायच्या, आधी सावकाश, मग दुगुणीत, मग चौगुणीत. आधी सरगमने, मग आकाराने. या आकृती किती होऊ शकतात याचा हिशेब तेराव्या शतकात देवगिरीला मांडला गेला. यादव राजा सिंघणाच्या पदरी जमाखर्चाचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात स्वरांची उलटापालट मोजली. तीन स्वरांच्या 6, चार स्वरांच्या 24, पाचांच्या 120, सहांच्या 720 आणि सात स्वरांच्या 5040 रचना होतात. यादीतल्या अमुक क्रमांकाची रचना कोणती, हे सगळी यादी न लिहिता शोधण्याची खंडमेरूची रीतही त्याने दिली. विसाव्या शतकात उस्ताद अमीर खाँ यांच्या गाण्यात हीच कल्पना मेरुखंड या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये होते आणि मुलाकडून त्यांनी या रचना घोटून घेतल्या होत्या. अमीर खाँ यांचा आलाप ऐकताना श्रोत्याला यातले गणित जाणवत नाही. शांतपणे उलगडत जाणारा राग तेवढा जाणवतो. घोटलेले इतके मुरलेले असते की गाताना ते आठवावे लागत नाही आणि मन रागाच्या भावाकडे मोकळे राहते.

नुसता रियाज मात्र आंधळा असतो. काय घोटायचे हे गुरू सांगतो, आणि त्या निवडीत गुरूची सारी नजर उतरलेली असते. भीमसेन जोशी यांची गोष्ट याबाबत फार बोलकी आहे. गदगजवळच्या या मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर अशी भटकंती झाली. बरेचसे प्रवास विनातिकीट झाले. अखेर 1936 साली हुबळीजवळच्या कुंदगोळ गावी सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांनी त्यांना शिष्य केले. पुढची काही वर्षे पाणी भरणे, घरची कामे करणे आणि तालीम घेणे अशी गेली.

त्या तालमीत सुरुवातीला राग होते तीनच: सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया. ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. तोडी आणि मुलतानी यांचे सात स्वर कागदावर एकच आहेत: कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि बाकीचे शुद्ध. तरी दोन्ही रागांची तोंडे दोन दिशांना. मुलतानीत चढताना रिषभ-धैवत वगळतात. उतरताना ते येतात, पण त्यांच्यावर थांबता येत नाही. तोडीत त्याच रिषभ-धैवतांना मान आहे, आणि कोमल गंधार रिषभाकडे झुकून आंदोलत राहतो. पूरियात तर पंचमच नाही, म्हणजे आवाजाला विसावायची नेहमीची जागाच काढून घेतलेली. ही तीन कोडी रोज सोडवणाऱ्या मुलाला स्वर म्हणजे पेटीची पट्टी नाही, तो शेजारच्या स्वरांच्या संगतीने बदलतो, हे शब्दांवाचून कळत गेले. शेकडो राग थोडे थोडे शिकून हे साधले नसते. भीमसेनजींची पहिली मैफल 1941 सालची, आणि 1946 साली पुण्यात गुरूंच्या साठीनिमित्त ते गायले तेव्हा जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. घर सोडल्यापासून तोवर तेरा वर्षे झाली होती.

जयपूर-अत्रौली घराण्याचा इतिहास याहून कठोर आहे. घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचा आवाज तारुण्यात अति गाण्याने बसला आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. गवयासाठी याहून मोठा घात नाही. त्यांनी उरलेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी नव्याने बांधली: लयीच्या अंगाने सरकणारा आलाप, वक्र आणि पेचदार ताना, आवर्तन भरत भरत समेवर येण्याची वेगळीच डौलदार रीत. आवाज गेला होता, पण वर्षानुवर्षांची तालीम आणि हजारो चिजांचा साठा शाबूत होता. नवी इमारत उभी राहिली ती त्या पायावर. अति रियाज गळा मोडतो हा धडाही यातच आहे. थकलेल्या आवाजावर जोर करणे ही मेहनत नसते.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा जन्म 1892 सालचा, गोव्यातल्या केरीचा. आठव्या वर्षी कोल्हापूरला काही महिने अब्दुल करीम खाँ, मग रामकृष्णबुवा वझे, मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशी शिक्षणाची तुटक-तुटक साखळी जवळजवळ वीस वर्षे चालली. एवढे शिकलेल्या माणसाने आपण तयार आहोत असे मानले असते तर कोणी नाव ठेवले नसते. केसरबाईंनी 1921 साली, अठ्ठावीस वर्षांच्या असताना, अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला आणि गळ्यावर बसलेले जुने वळण मोडून गाणे मुळापासून पुन्हा शिकायला घेतले. नवे शिकण्यापेक्षा पक्के झालेले विसरणे अवघड असते, आणि तेही मान मिळू लागलेल्या वयात. मैफली गाजू लागल्यावरही त्यांची तालीम थांबली नाही. 1946 साली खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत त्या शिकतच होत्या. पुढे 1960च्या दशकाच्या मध्यात, नाव शिखरावर असताना, त्यांनी जाहीर गाणे स्वतःहून थांबवले. 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत भारतातून निवडले गेले ते त्यांचेच गाणे, भैरवीतले, साडेतीन मिनिटांचे. व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबरला निघाले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

कुर्डी गावच्या मोगूबाईंची वाट आणखी बिकट. नाटक मंडळीत वाढलेल्या या मुलीचा रियाज सांगलीत रस्त्याने जाणाऱ्या अल्लादिया खाँ यांनी ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब मुंबईला गेले आणि तालीम तुटली. मोगूबाई मागोमाग मुंबईला आल्या, पण गुरू लगेच मिळाले नाहीत. मधल्या काळात आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे, मग खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे त्या शिकल्या, आणि 1934 साली अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला गेला. गोमंतकातल्या कलावंत घरांतून आलेल्या अशा स्त्रियांना समाजाने गाणे ऐकताना जवळ केले आणि एरवी दूर ठेवले. त्यांच्या निष्ठेचे कौतुक करताना त्या निष्ठेची केवढी किंमत त्यांनी मोजली हेही सांगायला हवे. तोच चिकाटीचा स्वभाव गरिबीत किती जणींचा वाटेतच खचला असेल, त्याची नोंद कुठेही नाही.

मोगूबाईंची शिकवण्याची शिस्त त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी सांगितली आहे. आई अस्ताई किंवा अंतरा दोनदा म्हणून दाखवायची, तिसऱ्यांदा नाही. हा हट्ट निर्दय वाटतो, पण त्यामागे नेमका विचार होता. पुन्हा ऐकायला मिळणार हे ठाऊक असले की मन सैल होते. दोनदाच मिळणार हे ठाऊक असले की पहिल्या वेळी शब्द, दुसऱ्या वेळी स्वराचे कण आणि लयीतली जागा, सारे टिपावेच लागते. पुढे किशोरीताईंचा आवाज ऐन उमेदीत काही काळ हरपला. मोठ्याने गाता येईना, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात गाऊन रागांचा विचार चालू ठेवला. रागाच्या भावाचा जो ध्यास त्यांच्या पुढच्या गाण्यात दिसतो, त्याची मुळे त्या मुक्या काळात पोचलेली आहेत असे मानायला जागा आहे.

रियाज सगळे देतो असेही नाही. आवाजाची जात जन्माची असते, गुरू भेटणे नशिबाचे, पोटाची सोय आणि घरच्यांचा आधार हे तर सरळ व्यवहाराचे प्रश्न. तीन-चार तास रोज बसूनही सामान्य राहिलेले गवई पुष्कळ. पण उलट उदाहरण, म्हणजे मेहनतीवाचून चाळीस-पन्नास वर्षे टिकलेले गाणे, शोधूनही सापडत नाही. चांगल्या आवाजावर पहिली काही वर्षे निभावून जातात. वय वाढते, श्वास आखूड होतो, वरचा षड्ज हाताशी येईनासा होतो, तेव्हा खर्जात काढलेल्या पहाटा कामी येतात.

आज कुंदगोळसारखे गुरुगृही राहून शिकणे बहुतेकांना शक्य नाही. शिष्य नोकरी करतो, आठवड्यातून एक-दोनदा शिकायला जातो, तंबोऱ्याऐवजी मोबाइलमधला तंबोरा लावतो आणि शिकवणीचे ध्वनिमुद्रण हवे तितक्या वेळा ऐकतो. यातून माहिती वाढते हे खरे, पण दोनदाच ऐकून टिपण्याची सवय त्यासाठी वेगळी जोपासावी लागते. एक जुनी रीत मात्र अजून तशीच आहे. मैफलीत गायकाच्या मागे दोन शिष्य तंबोरे घेऊन बसतात. दोन-अडीच तास त्यांची बोटे तारांवरून एका चालीने फिरत असतात, मधूनच गुरूने मान वळवून खूण केली तर एखादी जागा गळ्यातून भरायची असते, एरवी ऐकायचे. श्रोत्यांचे लक्ष पुढे असते. मागे त्या दोघांची तालीम चालू असते.