वाचनालयात बोलायची सोय

इंदूरची जनरल लायब्ररी १८५४ साली, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात सुरू झाली. त्याआधी रत्नागिरीत १८२८ मध्ये, नाशकात १८४० मध्ये आणि पुण्यात १८४८ मध्ये वाचनालये निघाली होती. त्या काळी वर्तमानपत्र घरी घेणे मोजक्यांनाच परवडे. एकच अंक दहाजण वाचत आणि वाचून झाल्यावर त्यावर वाद घालत. पुस्तकांची कपाटे भरत गेली तशी व्याख्याने, सत्कार, निधी गोळा करणे, संमेलनांची तयारी अशी कामेही याच मंडळींच्या अंगावर आली. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने भरली. महाराष्ट्राबाहेरच्या शहराला हे जमले, कारण वाचणाऱ्यांना एकत्र बसायची सवय आधीपासून होती.

ग्रंथालय हे शहराने भेटण्याचे ठिकाण व्हावे, असे आज जगभर म्हटले जाते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसऱ्या जागे'ची कल्पना मांडली. घर ही पहिली जागा आणि काम ही दुसरी. तिसरी जागा म्हणजे जिथे माणूस आपखुशीने जातो आणि ओळखीचे-अनोळखी लोक सहज भेटतात. हेलसिंकीत २०१८ च्या डिसेंबरात उघडलेले 'ओडी' ग्रंथालय हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. तिथे पुस्तके वरच्या मजल्यावर आहेत, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, त्रिमितीय छपाईची यंत्रे आणि संगीताच्या खोल्या आहेत, तर तळमजल्यावर चित्रपटगृह आणि उपाहारगृह. आपल्याकडे केरळने हे काम फारच कमी खर्चात करून दाखवले. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून बांधत नेलेल्या ग्रंथशाळा चळवळीत गावचे वाचनालय म्हणजे साक्षरतेचा वर्ग, कलापथक आणि गावाच्या चर्चेची जागा असे सगळे एका छपराखाली होते.

इंदूरकरांना भेटायला जागा कमी नाहीत. राजवाडा आहे, छप्पन दुकान आहे, रात्रीचा सराफा आहे. मात्र यातल्या बहुतेक ठिकाणी खिशात हात घालावा लागतो, आणि पाऊस किंवा मे महिन्याचे ऊन असेल तर उघड्यावर बसणे अवघडच. काही न विकत घेता, कुणी न उठवता, पंख्याखाली दोन तास बसता येईल अशी सार्वजनिक जागा शोधू गेले की बोटे ग्रंथालयांपाशीच थांबतात. निवृत्त माणसे, घरी टेबल नसलेली मुले आणि शहरात नव्याने आलेले लोक यांना हा फरक सर्वाधिक जाणवतो.

या दृष्टीने पाहण्यासारखे ठिकाण म्हणजे रीगल चौकाजवळचे शासकीय श्री अहिल्या केंद्रीय ग्रंथालय. त्याच्या आवारातच प्रीतमलाल दुआ सभागृह आणि कलादालन आहे. चित्रप्रदर्शने, पुस्तक प्रकाशने, गाण्याचे आणि भाषणांचे कार्यक्रम तिथे होत असतात. म्हणजे आधुनिक ग्रंथालयासाठी ज्याची मागणी केली जाते त्यातले निम्मे तिथे आधीपासूनच उभे आहे. राहते ते सभागृह आणि वाचनकक्ष यांना जोडणे. चित्रप्रदर्शनाला आलेल्या माणसाला त्याच चित्रकारावरचे किंवा त्या शैलीवरचे पुस्तक शेजारच्या टेबलावर मांडलेले दिसावे, व्याख्यानाच्या आमंत्रणपत्रिकेवरच विषयाशी संबंधित चार पुस्तकांची नावे आणि त्यांचे कपाट छापलेले असावे. यासाठी वेगळे अंदाजपत्रक लागत नाही. ग्रंथपाल आणि कार्यक्रम ठरवणारे महिन्यातून एकदा एकत्र बसले तरी पुरते.

ग्रंथालयांतल्या खुर्च्यांवर सध्या सर्वात मोठा हक्क आहे तो स्पर्धा परीक्षांचा. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय इंदुरातच आहे आणि भंवरकुआं परिसरात शिकवण्यांची गर्दी आहे. खेड्यापाड्यांतून आलेली मुले दहा बाय दहाच्या खोलीत तिघे-चौघे राहतात. त्यांना हवी असते शांत जागा, वीज आणि पाण्याची सोय. या गरजेतून खासगी 'लायब्ररी' नावाचा धंदाच उभा राहिला आहे. फळ्या लावून केलेले छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात दिवा आणि प्लग, वायफाय, लॉकर, थंड हवा, पाळीनुसार महिन्याची फी. पुस्तक मात्र ज्याचे त्याने आणायचे. पुण्यात यालाच अभ्यासिका म्हणतात, आणि तेच नाव जास्त प्रामाणिक आहे. ज्यांना ही फी झेपत नाही ती मुले सार्वजनिक वाचनालयात सकाळीच जागा धरतात. वर्तमानपत्र वाचायला आलेले आजोबा मग दारातूनच परत फिरतात.

ग्रंथालय 'सर्वांचे' करू पाहणाऱ्या बहुतेक योजना इथेच अडखळतात. परीक्षार्थींना शांतता हवी असते आणि गप्पांना आवाज लागतो. मुलांना गोष्टी सांगायच्या तर हसणे-खिदळणे आलेच. एकाच दालनात हे सगळे कोंबले तर कुणाचेच समाधान होत नाही. पण उत्तर नव्या इमारतीतच आहे असेही नाही. सराफ्यात दिवसा सोन्याचा व्यवहार चालतो आणि दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांवर गराडू आणि जलेबी येते. वेळ वाटून घेतली की जागा दुप्पट होते, हे इंदूरला निराळे शिकवायला नको. सकाळ-दुपार अभ्यासाची, संध्याकाळचे दोन तास एका दालनात चर्चेचे, रविवारची सकाळ मुलांची, असे वेळापत्रक दारावर लावता येते. त्यासाठी ग्रंथालय कचेरीच्या वेळेबाहेरही उघडे राहायला हवे, आणि खरा खर्च तिथे आहे. सुट्टीच्या दिवशी बंद असलेले वाचनालय नोकरदारासाठी जवळपास नसल्यासारखेच.

कार्यक्रमांसाठी माणसे बाहेरून आणायची गरज इंदूरला पडू नये. अभ्यास मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेला श्रोत्यांची पिढ्यांची परंपरा आहे. 'सानंद' ही संस्था मराठी नाटके आणते, महाराष्ट्र साहित्य सभा शारदोत्सव करते, १९१० साली स्थापन झालेली मध्य भारत हिंदी साहित्य समिती अजून 'वीणा' हे मासिक काढते. मराठी कुटुंबांतल्या मुलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ती घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकतात. हिंदीमुळे देवनागरी त्यांना येतेच, त्यामुळे मराठी पुस्तक त्यांना अक्षरओळखीअभावी परके नसते. फक्त ते त्यांच्या हातात देणारे कुणी नसते. आठवड्यातून एकदा एखाद्या आजीने तासभर मराठी गोष्ट वाचून दाखवली तर ही उणीव भरून निघेल. शिवाय आजीलाही घराबाहेर पडायला निमित्त मिळेल.

शहराने आपल्या संस्था एकमेकींना जोडाव्यात हा आग्रह इंदुरात शंभर वर्षांपूर्वीच धरला गेला होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा बराच भाग इंदुरात काढायच्या विद्यापीठाविषयी आहे, आणि विद्यापीठ व शहर यांनी एकमेकांच्या आधाराने वाढावे असे ते सांगतात. याच गेडिसनी प्लेगच्या दिवसांत दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग सर्वात स्वच्छ मोहल्ल्यांतून नेण्याची युक्ती काढली आणि मिरवणुकीत उंदराची प्रचंड प्रतिमा फिरवली. स्वच्छतेत अव्वल ठरणाऱ्या आजच्या शहराला ही हकीकत सांगायला ग्रंथालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. जुने नकाशे, गिरण्यांच्या काळातली छायाचित्रे आणि मोहल्ल्यांच्या आठवणी जमवण्याचे कामही तिथेच होऊ शकते.

पैशाचा प्रश्न कायद्याशी बांधलेला आहे. मद्रास प्रांताने १९४८ मध्येच ग्रंथालय कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, पण उपकराऐवजी अनुदानाचा मार्ग धरला. त्यामुळे वाचनालये संस्था चालवतात आणि सरकार दर्जानुसार मदत देते. अनुदान वेळेवर न आले की पहिली कात्री नव्या पुस्तकांना लागते. मध्य प्रदेशात ग्रंथालय उपकर नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरातल्या ग्रंथालयांना पुस्तके, जागा आणि सामान यांसाठी मदत करते. पण रोज संध्याकाळी दालन उघडे ठेवणाऱ्या माणसाचा पगार तिथून निघत नाही. तो महापालिकेने किंवा राज्य सरकारने उचलायचा आहे. इंदूरकर घरोघरचा कचरा नेण्यासाठी महापालिकेला शुल्क देतात आणि त्या बदल्यात गाडी रोज दारात येते. तशाच हिशेबाने एखादा छोटा उपकर मागितला, आणि त्यातून कोणते दालन किती वाजेपर्यंत उघडे राहील हे आधीच लिहून दिले, तर नागरिक तो नाकारतील असे मानायला फारसे कारण नाही.