कावीळ, व्हिपल ऑपरेशन आणि चार घास

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लेख म्हटलं की घामच फुटतो. शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण हा विषय आमच्या घरात घडलाय, म्हणून मराठीतच सांगते.

माझ्या मावशीचे यजमान तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. मागच्या वर्षी त्यांचे डोळे पिवळे झाले. दुखणं नाही, ताप नाही, नुसती अंगाला खाज. सगळे म्हणाले, "कावीळ आहे, उतरेल." तीन आठवडे गावठी औषध चाललं, तेल-तूप, अंडी, मासे बंद. काकांचं वजन नऊ किलो उतरलं, कावीळ काही उतरली नाही. शेवटी बोईसरला सोनोग्राफी झाली आणि मुंबई गाठावी लागली. स्वादुपिंडाच्या डोक्यात कॅन्सरची गाठ होती.

आता थोडं इंजिनिअरिंग. यकृताकडून पित्त आणणारी नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. स्वादुपिंडाचा पाचकरसही तिथेच येतो. म्हणजे हे पाइपचं जंक्शन. तिथे गाठ झाली, मग ती स्वादुपिंडाची असो वा पित्तनळीची, की पित्त तुंबतं आणि रक्तात जातं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका. पित्ताशिवाय स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, मग रक्त लवकर गोठत नाही.

गाठ पसरली नसेल तर व्हिपल ऑपरेशन करतात. अमेरिकन सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली अशा ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली, त्यावरून हे नाव. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचं खालचं टोक काढून तीन नवे जॉइंट करतात. सगळ्यात नाजूक स्वादुपिंडाचा. तो लीक झाला तर पाचकरस आजूबाजूच्या भागालाच खातो. वेल्डिंग कितीही चांगलं असलं तरी मटेरियल कच्चं असेल तर काय उपयोग? इथे मटेरियल म्हणजे पेशंटचं पोषण.

"आधी नळीत स्टेंट घालून कावीळ उतरवा, मग ऑपरेशन" हे कोणालाही पटेल. नेदरलँड्समध्ये २०२ पेशंटवर याची चाचणी झाली. निकाल २०१० साली आला. आधी स्टेंट घातलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना गंभीर त्रास झाला, लवकर ऑपरेशन केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणून आता सरसकट स्टेंट घालत नाहीत. इन्फेक्शन असेल, कावीळ फार चढली असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर घालतात.

खाण्याचंही तसंच. पूर्वी ऑपरेशननंतर बरेच दिवस उपाशी ठेवत. आता सोसेल तसं तोंडानेच खायला सुरू करतात. वजन फार घटलं असेल तर ऑपरेशनच्या आधीच खुराक वाढवतात.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे परळचं टाटा मेमोरियल. हे हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, म्हणजे आपल्या तारापूर प्लांटचंच खातं! तिथल्या डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी अशा ५०० ऑपरेशनांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. कामाची नीट घडी बसवली, एकाच टीमच्या हातून ऑपरेशनं होऊ लागली, तसे निकाल सुधारले.

काका ज्या हॉस्पिटलात होते तिथल्या डाएटिशियननी त्यांना दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला सांगितलं. काका म्हणाले, "अहो मॅडम, काविळीत अंडं?" त्या म्हणाल्या, "काका, टाके आम्ही घालू. जखम भरायला प्रोटीन तुम्हीच आणायचं."

दोन आठवडे काका नेमाने जेवले, मग ऑपरेशन झालं. केमो संपली, तपासण्या चालू आहेत. आता जेवताना पहिल्या घासाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल घेतात आणि मावशीच्या हातचं बोंबलाचं कालवण खातात.

तेव्हा मित्रांनो, घरी कोणाचे डोळे दुखल्याखुपल्याशिवाय पिवळे झाले, तर आधी डॉक्टर आणि सोनोग्राफी. आणि कोणाच्या सांगण्यावरून त्यांचं ताट रिकामं करू नका. आमचे तीन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत.