पाळकसाहेबांची सुट्टी कोण ठरवणार?

घरात दुखणे आले, मयत झाली, नवरा-बायकोत बिनसले, की मंडळीतला माणूस आधी पाळकसाहेबांकडे धाव घेतो. पण पाळकसाहेबांनाच त्रास होऊ लागला तर त्यांनी कोणाकडे जावे? अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात पाळकांच्या कित्येक पिढ्या झाल्या, तरी हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या पाळकांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. झोप लागत नाही, छातीत जळजळते, मान आखडते, क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड होते. कारणे दिनक्रमातच सापडतात. एकाकडे तीन-चार गावे. सकाळी आजाऱ्याची भेट, दुपारी दफनविधी, संध्याकाळी वाढदिवसाची प्रार्थना. पूर्वी रात्री कोणी दार ठोठावले तरच उठावे लागे, आता मोबाईल उशाशीच वाजतो. मुले पुण्या-मुंबईला गेलेली, त्यांच्या वृद्ध आईबापांना आधार पाळकांचाच. त्यात पंच कमिटीतले तट आणि बदलीची टांगती तलवार. लोकांची गुपिते पोटात ठेवायची, पण स्वतःचे दुःख सांगायला जागा नाही.

अशा दीर्घ ताणातून माणूस गळून जातो, कामाचा वीट येतो, आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद आहे. रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ताणाचा परिणाम म्हणून. पुष्कळ पाळक मात्र याला आपल्या विश्वासाची उणीव समजतात. ते खरे नाही. शास्त्रातला एलीया संदेष्टा मरण मागू लागला, तेव्हा त्याला आधी झोप आणि भाकर मिळाली, काम नंतर.

आणखी एक गोष्ट, चहाची. आठ घरी भेटी म्हणजे आठ कप चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तरी साठ ग्रॅमच्या वर जाते. प्रौढाने दिवसाला वरून घेतलेली साखर साधारण पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी. तेव्हा पाळकसाहेबांनी बिनसाखरेचा चहा मागितला तर यजमानांनी रुसू नये.

मंडळीने एवढे करावे :

१) रविवार हा पाळकांचा कामाचा दिवस. म्हणून सोमवार किंवा दुसरा एक वार त्यांच्या सुट्टीचा ठरवावा. त्या दिवशी तातडीचे फोन एका पंचाने घ्यावेत.

२) आजाऱ्यांच्या भेटी वडीलजनांनी वाटून घ्याव्यात. इथ्रोने जावई मोशे याला हाच सल्ला दिला होता.

३) वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासण्याचा खर्च मंडळीने करावा. पाळकीणबाईंचीही तपासणी व्हावी.

४) मन मोकळे करण्यासाठी दुसऱ्या गावच्या पाळकांशी महिन्यातून एक भेट ठरवून द्यावी.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

पंच कमिटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. पाळकसाहेब तो स्वतः काढणार नाहीत. आपणच काढला पाहिजे.